मंधातला अडत्या : सालामान्कातल्या एका ताटाचं प्रकरण

८ जुलै २०२५, मंगळवार. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी मला एक ईमेल आला. मजकूर इंग्रजीत, चार ओळींचा. आपल्या विद्यार्थिनीच्या प्रकृतीसंबंधी एक नाजूक बाब आहे, तातडीचा धोका नाही, तरी कृपया या क्रमांकावर बोलावं. पाठवणारी, स्पेनमधल्या सालामान्का शहरातली एक भाषाशाळा. मुलगी आमच्याकडची, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची. मी तिला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं. तिच्या वडिलांकडे ईमेल नाही, म्हणून अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं या रकान्यात माझं नाव होतं.

पुढे जे लिहितो आहे ते तिच्या वहीवरून, आमच्या व्हॉट्सअॅपवरच्या बोलण्यावरून आणि त्या रात्रीच्या तीन फोनांवरून. तिनं वाचून होकार दिला आहे. गावाचं नाव, तिचं नाव, शाळेचं नाव मुद्दाम गाळलं आहे. हे प्रकरण लिहून ठेवण्याचं कारण असं, की सगळे जण याला 'शब्दाचा घोळ' म्हणून हसून मोकळे झाले. मला तो घोळ एका शब्दाचा वाटत नाही, आणि त्यात माझाही हात आहे.

जाण्याआधी

मुलगी नागपुरात वसतिगृहात राहून बी.कॉम. झाली. स्पॅनिश येणाऱ्यांना पुण्यातल्या कंपन्यांत काम मिळतं हे कुणाकडून तरी कळलं आणि तिनं चौदा महिने ऑनलाइन क्लास केला. शिकवणारे भारतातलेच, शिकवायचं माध्यम इंग्रजी. मग चार आठवड्यांच्या उन्हाळी वर्गासाठी शिष्यवृत्ती मिळाली. ३० जून ते २५ जुलै, रोज सकाळी नऊपासून वर्ग, राहायचं एका स्पॅनिश कुटुंबात, आणि वर्गात नि घरात फक्त स्पॅनिश बोलेन अशा कागदावर सही. याला ते 'बुडी मारणं' म्हणतात. आमच्या भाषेत विहिरीत ढकलून पोहायला शिकवणं.

फी आणि राहणं शिष्यवृत्तीतून निघालं, विमानाचं भाडं घरचं. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल. त्या हिशेबानं जाण्यायेण्याचं तिकीट म्हणजे नऊ क्विंटल कापूस. व्हिसाचे कागद हे वेगळंच पुराण. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे बापाकडे विवरणपत्र नाही. मग ते का नाही याचं पत्र, सातबारा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि या सगळ्याचं इंग्रजी भाषांतर. ते मी केलं. 'भोगवटादार वर्ग १' याचं इंग्रजी करताना घाम फुटला. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तो आकडा रुपयांत करून सांगितल्यावर बाप म्हणाला, "येवढ्यात त आपलं अख्खं वावर येते जी."

जाण्याआधी ती दोन-तीन वेळा घरी आली. मला स्पॅनिश येत नव्हतं, पण सल्ला द्यायला मास्तरला काय लागतं? मी सांगितलं, "इंग्रजी पक्की आहे ना तुझी, मग घाबरू नको. या दोन्ही भाषांचे ढीगभर शब्द सारखे आहेत. अडलं तर इंग्रजी शब्द घ्यायचा आणि शेवटी ओ नाहीतर आ लावायचा." हे वाक्य तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून नेलं. ते पान मी नंतर पाहिलं. खाली माझं नाव होतं, तारखेसकट.

खरबूज आणि खामोन

सालामान्का हे विद्यापीठाचं गाव. विद्यापीठ १२१८ सालचं. शहर सोनेरी दगडाचं, मधोमध मोठा चौक, आणि 'घड्याळाखाली भेटू' म्हटलं की तो चौक हे सगळ्यांना ठाऊक. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कोरीव कामात कवटीवर बसलेला एक दगडी बेडूक आहे. तो स्वतःच्या नजरेनं सापडला की परीक्षा सुटते, अशी पोरांची समजूत. हिला तो पहिल्याच दिवशी सापडला. लेखी चाचणीपुरता उपयोगही झाला, वीसपैकी एकोणीस पडले. तोंडाला मात्र बेडूक उपयोगी पडला नाही.

घरमालकीण साधारण सत्तरीच्या, एकट्या, इंग्रजीचा गंध नाही. त्यांना इथं सेन्योरा म्हणतो. अर्जात जेवणाबद्दल एकच चौकट होती, 'शाकाहारी : हो / नाही'. हिनं 'हो'वर खूण केली. घरी आईच्या गळ्यात माळ, मांस-मच्छी बंद. वसतिगृहात पोरगी अंडं खायला लागली होती. हे आईला माहीत नव्हतं, आता झालं आहे. त्यामुळे बटाट्याचं जाड ऑम्लेट चाललं. पण तिकडे 'मांस नको' म्हटलं की ट्यूना मासा चालतो आणि डुकराच्या सुकवलेल्या मांडीचे पातळ काप, म्हणजे खामोन, ते तर मांसात मोजतच नाहीत, असं मानणारी जुनी माणसं पुष्कळ. त्यातून सालामान्का प्रांतातलं गिखुएलो हे गाव खामोनसाठीच नावाजलेलं. पहिल्या आठवड्यात हिनं सलाडमधला मासा गुपचूप कडेला सारला. बोलली नाही.

७ जुलै, सोमवार. जेवण रात्री पावणेदहाला. बाहेर अजून उजेड. स्पेन नकाशात इतका पश्चिमेला, पण घड्याळ १९४० पासून मध्य युरोपचं, म्हणून जुलैत सूर्य दहाच्या सुमारास बुडतो आणि जेवणं त्याच्या मागून. गावाकडे आठला ताट वाढलेलं असायचं, त्यामुळे पोरगी आठलाच भुकेनं कासावीस होऊन खोलीत जवसाची चटणी नि पाव खायची. त्या रात्री ताटात खरबुजाच्या फोडी आल्या आणि प्रत्येक फोडीवर खामोनचा काप पांघरलेला. उन्हाळ्यातला तिकडचा आवडता पदार्थ. तिनं काप बाजूला केला. सेन्योरांनी विचारलं, "आवडत नाही का?"

तिला म्हणायचं होतं, 'सांगायला लाज वाटते, पण मी हे खात नाही.' मराठीतून ते आधी इंग्रजीत गेलं, तिथं त्याचं 'आय अॅम एम्बॅरस्ड' झालं, आणि तिथून माझ्या सूत्राप्रमाणे शेवटी आ लावून बाहेर पडलं, "लो स्येन्तो, एस्तोय एम्बाराथादा, नो कोमो खामोन."

एम्बाराथादा म्हणजे गरोदर.

स्पॅनिश शिकणाऱ्यांत हा विनोद जुना आहे. शिकवणारे पहिल्याच महिन्यात सांगतात, हिलाही सांगितला होता, वहीत लिहिलेला होता. तरी झालं. पोटात भूक, समोर वडीलधारं माणूस आणि तोंडात परकी भाषा असली की वहीत लिहिलेलं वहीतच राहतं.

पण चूक झाली म्हणून प्रकरण वाढलं नाही. वाढलं ते पुढचं वाक्य तिच्याशी चपखल बसलं म्हणून. ज्या गरोदर बाईला टॉक्सोप्लाझ्मा या जंतूची प्रतिकारशक्ती नाही, तिला स्पेनमध्ये डॉक्टर न शिजवलेलं सुकं मांस, म्हणजे खामोनसुद्धा, वर्ज्य करायला सांगतात. हे तिकडच्या प्रत्येक आईला पाठ. तेव्हा 'माफ करा, मी गरोदर आहे, खामोन खात नाही' हे सेन्योरांच्या कानी पूर्ण, शहाणं, शंका घ्यायला जागा नसलेलं वाक्य पडलं. त्या उठल्या. ताट उचललं, खामोन काढलं, दुधाचा पेला आणला, हिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आय, इखा." म्हणजे 'अगं पोरी'. इकडे हिला वाटलं, शाकाहाराचा केवढा मान ठेवतात ही माणसं! वहीत त्या दिवशी लिहिलं आहे, 'आज हिंमत केली. छान झालं.'

दुसऱ्या दिवशी शाळेच्या समन्वयक बाईंनी बाजूला घेतलं. हळू, मऊ आवाजात विचारलं, किती आठवडे? हिला वाटलं, कोर्स किती आठवड्यांचा. "क्वात्रो," ती म्हणाली. चार.

तिकडच्या संध्याकाळी मला ईमेल आला.

त्या रात्री इकडे

मी वीस मिनिटं नुसता बसून होतो. इंग्रजीत 'नाजूक बाब' एवढे दोन शब्द वाचून माणसाच्या मनात काय काय येतं ते सांगत नाही. त्यांचं घर चार किलोमीटरवर. गाडी काढावी, बापाला उठवावं, असं दोनदा वाटलं. बायको म्हणाली, "आधी पोरीले त विचारा. तुमी बापाच्या दारात अकरा वाजता उभे राहिले त त्याचा जीव थितंच जाईन."

पहिला फोन पोरीला. तिकडे आठ वाजत होते, उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. "बरी आहेस?" "हाव जी सर, मस्त." आवाज खरंच मस्त होता. दुसरा फोन शाळेच्या तातडीच्या नंबरावर. समन्वयक बाई इंग्रजीत बोलल्या, पण काही सांगेनात. मुलगी सज्ञान आहे, तुम्ही तिलाच विचारा, डॉक्टर लागला तर आम्ही आहोत. यात त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. माझा आक्षेप आहे तो ईमेलला. सांगायचं नव्हतं तर अर्धं कशाला सांगायचं? आठ हजार किलोमीटरवरच्या माणसाला अर्धी बातमी म्हणजे उपचार नव्हे, आजारच.

तिसरा फोन पुन्हा पोरीला. आता मी मास्तरकीनं घेतलं. कालपासूनचं सगळं क्रमानं सांग. ती सांगत गेली. वर्ग, बाजार, खरबूज. "मंग मी म्हटलं सर, लो स्येन्तो, एस्तोय एम्बा..." आणि थांबली. फोन चालू होता. मागे कुठं तरी भांडी वाजल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं ती एवढंच म्हणाली, "सर, बाबाले नोका सांगू."

शाळेला पुन्हा कळवलं. बाई आधी हसल्या, मग माफी मागितली. म्हणाल्या, दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हे बोलतंच. त्यांच्या लेखी प्रकरण तिथं मिटलं.

नऊ दिवस

ज्या गावात सून पाच मिनिटं उशिरा आली तर तीन ओट्यांवर चर्चा होते, तिथल्या पोरीला 'दर उन्हाळ्यात होतं' यानं काय दिलासा मिळणार? ९ तारखेला तिनं आईला फोन केला. बापाला नको, पण आईला स्वतःच सांगितलेलं बरं, असा तिचा विचार. हसत-हसत सांगितलं. आई हसली. मग जरा थांबून विचारलं, "पन खरंच काही नाई ना वं?"

पोरीनं फोन ठेवला. तीन दिवस उचलला नाही.

मला वाटतं खरी जखम ही. शाळा, सेन्योरा, ईमेल हे सगळं एका बाजूला, आणि आईचा हा प्रश्न एका बाजूला. आईची बाजूही कळते. पोरगी पहिल्यांदा देशाबाहेर, गावात आधीच 'पाठवलंच कायले' म्हणणारे चार जण. प्रश्न निघून गेला तोंडातून. परत घेता येत नाही.

मग ती बोलेनाशी झाली. वहीत तिनं रोज किती स्पॅनिश वाक्यं बोलली त्याचा आकडा ठेवला होता, आधीपासूनचा. पहिल्या आठवड्यात चाळीस-पन्नास. १० जुलै : ६. ११ जुलै : ४, त्यातली दोन 'ग्राथियास', म्हणजे आभार. प्रत्येक वाक्याआधी ती थांबायची, कारण आता कुठल्या शब्दाच्या पोटात काय निघेल याचा भरवसा नव्हता. स्पॅनिशमध्ये अशा शब्दांना 'खोटे मित्र' म्हणतात. मी 'खोटे सोयरे' म्हणतो. कोन्स्तिपादो म्हणजे बद्धकोष्ठ झालेला नव्हे, सर्दी झालेला. सोपा म्हणजे साबण नव्हे, सूप. एक्सितो म्हणजे बाहेरचा दरवाजा नव्हे, यश. इंग्रजीच्या ओळखीवर दारात आलेला प्रत्येक जण संशयित.

सेन्योरा आपल्या परीनं झटत होत्या. मोठ्यानं बोलायच्या, जणू पोरीला ऐकू येत नाही. डाळीत सॉसेज घालणं बंद केलं. समन्वयक बाईंचं मत पडलं की घरच्यांशी फोनवर फार बोलणं होतं, त्यानं डोकं परत मराठीत जातं, ते कमी करावं. मी ते मत पोरीला जसंच्या तसं कळवलं, वर दुजोरा दिला. आईशी आधीच अबोला, त्यात मास्तरचा हा निरोप. आज ते आठवलं की कसंसंच होतं.

१२ तारखेला आईनं एक फोटो पाठवला. बोलली काही नाही, माफीबिफी तर नाहीच. आमच्याकडे आया माफी मागत नाहीत. काळ्या रानात ओळीनं निघालेली दोन-दोन पानांची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची रोपं, मधेच एका तासात, म्हणजे ओळीत, मोकळी जागा. खाली आवाजी निरोप, "पऱ्हाटी निघाली. खालच्या दोन तासात नांग्या पडल्या, उद्या भरतो." नांग्या म्हणजे बी न उगवल्यानं ओळीत पडलेल्या रिकाम्या जागा. पोरीनं उत्तरात फक्त अंगठा पाठवला. पण दुसऱ्या दिवसापासून फोन उचलू लागली.

लाइट गेली

१७ जुलै, गुरुवार, दुपार. तिकडे उन्हाळ्यात दुपारी खिडक्यांवरची गुंडाळी झडपं पार खाली सोडतात, घरात अंधार नि गारवा. आपण वाळ्याचे पडदे लावायचो तसं. सेन्योरा जेवणाच्या टेबलावर मसूर पसरून खडे निवडत होत्या. त्यांचं माहेर सालामान्काच्या उत्तरेला, आर्मुन्या भागात, आणि तिथली मसूर नावाजलेली. पोरगी समोर बसली नि तिचे हात आपोआप निवडायला लागले. याला भाषा लागत नाही. ओव्हन चालू होता, इस्त्री चालू होती. एकदम फ्यूज उडाला. दिवा, पंखा, सगळं बंद. सेन्योरा ओरडल्या,

"से आ इदो ला लुथ!"

आणि पोरगी त्याच क्षणी म्हणाली, "लाइट गेली."

मग दोघी गप्प. पोरीनं ते वाक्य मनात पुन्हा लावून पाहिलं. लुथ म्हणजे उजेड, लाइट. इदो म्हणजे गेलेला, जाणे या क्रियापदाचं रूप. गेली लाइट. शब्दाला शब्द. इंग्रजीसारखे दिवे 'बाहेर' गेले नाहीत, पुरवठा 'अयशस्वी' झाला नाही. गेली. माणूस उठून जावं तशी लाइट गेली. वर 'लुथ' हा शब्द स्त्रीलिंगी आणि आमची लाइटही स्त्रीलिंगी. तो निव्वळ योगायोग, पण त्या क्षणी तिला तो योगायोग वाटला नाही.

सेन्योरांनी बटण वर केलं, लाइट आली, आणि त्या 'आपागोन'वर सुरू झाल्या. २८ एप्रिल २०२५, भर दुपारी साडेबाराला स्पेन-पोर्तुगालची वीज एकाच वेळी गेली. आगगाड्या जागच्या जागी, सिग्नल बंद, दुकानात कार्ड चालेना. लोक सेलवरचे रेडिओ आणि मेणबत्त्या शोधत फिरले, पूर्ववत व्हायला दुसरी पहाट झाली. सेन्योरा हे सांगत होत्या ते एखाद्या महापुरासारखं. पोरगी ऐकत होती आणि तिला हसू येत होतं. शेवटी तिनं तोंड उघडलं.

"एन मी प्वेब्लो से बा ला लुथ तोदोस लोस दीआस." माझ्या गावात लाइट रोजच जाते.

सेन्योरांनी डोळे मोठे केले. रोज? रोज. मग शेतीपंपाला रात्रपाळीची वीज कशी असते, बाप बॅटरी घेऊन रात्री दोनला वावरात कसा जातो, एकदा मोटरीच्या पेटीत साप कसा निघाला, हे सगळं तिनं सांगितलं. क्रियापदं चुकली, साप या शब्दावर अडली तेव्हा हातानं वळवळ करून दाखवली. सेन्योरा किंचाळल्या. आईनं पाठवलेला फोटो तिनं पुढे केला. हे काय? आल्गोदोन, कापूस. आर्मुन्यात कापूस होत नाही, पण ओळीतली रिकामी जागा बघून सेन्योरांनी बोट तिथंच ठेवलं आणि विचारलं, पाऊस झाला का?

त्या दिवशी वहीत आकडा नाही. लिहिलं आहे, 'मोजले नाही.'

अडत कुठं कापली गेली

यानंतर मी स्वतः स्पॅनिशचं पहिल्या पायरीचं पुस्तक आणलं. लाजेपोटी म्हणा. चार महिने वाचल्यावर जे दिसलं ते मांडतो. मी भाषाशास्त्रज्ञ नाही, तालुक्याचा इंग्रजीचा मास्तर आहे.

'मला आंबा आवडतो' याला स्पॅनिश म्हणते 'मे गुस्ता एल मांगो'. मे म्हणजे मला. क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं, आंबे अनेक झाले की 'गुस्तान', जसं आपलं 'आवडतात'. इंग्रजीवाल्याला हे उलटं वाटतं, कारण त्याच्याकडे 'मी' आवडवणारा असतो. पुस्तकात यावर सहा पानं समजूत घातली आहे. आमच्या पोरीला ती सहा पानं लागायलाच नको होती. तिनं ती चौदा महिन्यांपूर्वी वाचली, आधी इंग्रजीसारखा विचार करायला शिकली आणि मग तो विसरायला शिकली. 'लाज वाटते' तसंच. 'मे दा बेर्ग्वेन्था', शब्दशः मला लाज देते. 'मला' तिथं आहे, 'लाज' तिथं आहे. मराठीतून सरळ गेली असती तर खरबूज खाऊन झोपली असती.

उच्चाराचं तर हसावं की रडावं. स्पॅनिश त आणि द हे दातांना जीभ लावून, आपल्यासारखेच. पण इंग्रजी लिपीतून शिकल्यामुळे ही 'टेंगो', 'डोन्डे' म्हणायची. वर्गात रोज दुरुस्ती. त्या गुरुवारनंतर तिनं वहीत सगळे शब्द देवनागरीत लिहून काढले, तेंगो, दोन्दे, आणि हा दोष दोन दिवसांत गेला. 'तू'ची गोष्टही तशीच. पहिल्या आठवड्यात ती सेन्योरांना आदरार्थी 'उस्तेद' म्हणायची. त्या सारख्या म्हणायच्या, उस्तेद नको, 'तू' म्हण. स्पॅनिशमधला 'तू' हा आपला 'तू'च, उच्चारासकट. आईला, आजीला आपण तू म्हणतो, तेवढंच त्या मागत होत्या. इंग्रजीतल्या एकाच 'यू'च्या पडद्याआड हिला ते दिसलं नाही.

आणि आमच्या वऱ्हाडीचं खास. 'मी जेवून राहिलो' या रचनेला पुण्याकडे हसतात. नागपूरची पोरं तिकडे गेली की पहिल्या महिन्यात ती सोडून देतात. स्पॅनिशमध्ये 'एस्तोय कोम्येन्दो'. एस्तोय हे 'एस्तार'चं रूप, मुळात लॅटिनमधलं उभं असणं, आणि पुढे कोम्येन्दो, जेवून-जेवत. जेवून रायलो. प्रमाण मराठीतलं 'जेवतो आहे' चालतंच, पण वऱ्हाडी जास्त जवळ जाऊन बसते.

सगळं जुळतं असं नाही. 'भूक लागली'ला ते 'भूक आहे माझ्यापाशी' छापाचं बोलतात, 'तेंगो आम्ब्रे', तिथं मराठीचा उपयोग नाही. 'असणे'साठी दोन क्रियापदं आहेत, ती आजही पोरीला त्रास देतात. एल-ला हे नामाआधी येणारे छोटे शब्द आपल्याकडे नाहीतच. शब्दांचे सोयरेही मोजून मापून. पगार, चावी, पाव हे पोर्तुगिजांनी आणले, म्हणून पागार, याबे, पान ओळखीचे वाटतात. बटाटा हा पाताताचा भाऊ खरा, पण आमच्याकडे बटाट्याला आलू म्हणतात, तेव्हा हा सोयरा ओळखायला आधी पुण्याला जावं लागतं. नारान्खा म्हणजे संत्रं, तो मात्र अरबी-फारसीमार्गे थेट आपल्या 'नारंग'पर्यंत येतो. वांग्याचं बेरेनखेना तसंच म्हणतात. शेवटच्या आठवड्यात पोरीनं सेन्योरांच्या गॅसवर बेरेनखेना भाजून भरीत केलं. घरभर धूर झाला. मिरची एकच घातली होती, तरी सेन्योरांनी पाणी मागितलं.

परत आल्यावर बापाला मी एवढंच सांगितलं. एम्बाराथादाचा विषय वगळून. पोरगी आधी अडत होती कारण मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून तिकडच्या भाषेत, असा दोनदा माल उतरवत होती. नंतर सरळ गेली तर सुटली. बाप कापूस विकून म्हातारा झालेला माणूस. म्हणाला, "म्हंजे मंधात अडत्या बसला व्हता म्हना. मंग अडत त कापनच तो."

मी तो अडत्या बसवला होता, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुमी कायले बसवान जी. थो सगळ्याच बाजारात असते."

नंतर

समन्वयक बाईंना मी एक पत्र लिहिलं. शाकाहाराची एक चौकट पुरत नाही, काय काय नको ते नावानिशी लिहायला जागा द्या. आणि घरी कळवायचं असेल तर पूर्ण कळवा किंवा मुळीच नको. पहिली सूचना त्यांनी मानली. दुसरीवर उत्तर आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यासाठी तालुक्यातून दोघं तयारी करताहेत, एक पोरगा, एक पोरगी. रविवारी माझ्याकडे येतात, आमची ही पोरगी त्यांना ऑनलाइन शिकवते. पहिल्या दिवशी फळ्यावर इंग्रजी लिहायचं नाही हा तिचा नियम, माझ्याच घरात मलाच लागू. पोरगा शेख आहे. खामोन, ट्यूना आणि आणखी काय काय, त्याची यादी स्पॅनिशमध्ये करून एका पुठ्ठ्यावर डकवली आहे. तो ती खिशात ठेवणार आणि पहिल्याच रात्री टेबलावर. हिनं त्याखाली सेन्योरांकडून शिकलेली म्हण लिहिली, "लेन्तेखास, सी क्येरेस लास तोमास इ सी नो लास देखास." मसूर आहे बाबा, हवी तर घे, नाही तर ठेव.

सेन्योरांशी बोलणं चालू आहे. २०२५ च्या ऑगस्टात तिकडे थामोरा-लेओन भागात मोठे वणवे पेटले होते, तेव्हा त्यांचा आवाजी निरोप आला. धुराचा वास शहरापर्यंत येतोय, आभाळ कोरडं आहे, "ओखाला य्वेबा." पोरगी ओट्यावर बसून ऐकत होती, आई शेजारी बरबटीच्या शेंगा निवडत होती. काय म्हनते बुढी, तिनं विचारलं.

"म्हनते, पाऊस यावा."

चार दिवसांच्या झडीनं पऱ्हाटीत गुडघाभर तण माजलं होतं, डवरा चालत नव्हता. आई म्हणाली, "घेऊन जा म्हना इथला."